तोरिसेच्या खाडीतली तांबडी मासोळी

मी एक जुनी मासोळी आहे. पोहून पोहून म्हातारी झालेली नव्हे, तर बरणीत राहून जुनी झालेली. आज तुम्ही मला पाहाल, तर उकडलेल्या बटाट्यासारखा माझा रंग दिसेल आणि तुम्ही पुढच्या बरणीकडे वळाल. मित्रांनो, जरा थांबा. मी एके काळी तांबडी होते.

बहुतेक मासे अंडी घालून मोकळे होतात. आमच्या कुळात तसं नसतं. आम्ही पिल्लं पोटात वाढवतो, आणि ती जन्मतात तेव्हा आधी शेपूट बाहेर येतं, मग डोकं. माझी पिल्लं मात्र जन्मलीच नाहीत.

तोरिसेच्या खाडीत, समुद्रगवताच्या आडोशाला, आम्ही तांबड्या राहत होतो. खडकांपलीकडे मोकळ्या पाण्यात आमच्या चंदेरी बहिणी राहत. त्या आमच्याकडे फिरकत नसत, आणि आम्हीही त्यांच्याकडे जात नसू. कोळ्यांना हे ठाऊक होतं, पण त्याचं त्यांना काही विशेष नव्हतं. दोघींची चव सारखीच लागायची! विद्वानांच्या पुस्तकात तर आम्हा दोघींचं नाव एकच होतं. धक्क्यावरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मिझुए ओसाकाबेला मात्र ते पटत नव्हतं. तांबडीची जात वेगळी आहे, असं ती म्हणायची.

वसंतात हानझो नावाच्या कोळ्याच्या गळाला मी लागले. माझे दिवस भरत आले होते. त्यानं मला बादलीत टाकलं आणि तडक मिझुएकडे आणलं.

"घ्या बाई, तुमची तांबडी. पोटुशी आहे हो, जपून धरा." मग मिझुएच्या पुढे आलेल्या पोटाकडे पाहून तो हसला. "आता दोघींनी एकमेकींना सांभाळा म्हणजे झालं."

"हानझोकाका, आधी बादली इकडे द्या. चेष्टा मग करा," मिझुए म्हणाली. पण तीही हसत होती.

माझा शेवट लवकर झाला. त्याविषयी मी बोलणार नाही. मला फॉर्मॅलिनच्या पाण्यात ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत माझा तांबडा रंग उडून गेला. ज्या रंगावरून मला ओळखायचे तोच गेला. मला फार वाईट वाटलं.

मिझुएचे वरिष्ठ, नुकाता सर, क्योतोहून आले. त्यांनी बरणी उजेडात धरली.

"कुठे आहे तुमचा तांबडा रंग?" ते म्हणाले. "मिझुएबाई, रंगावर जात ठरत नाही. खाणं बदललं की रंग बदलतो. मला पिल्लांचे पर दाखवा, मग बोलू."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची पिल्लं पोटात असताना त्यांच्या परांच्या कडेला पातळ झालरी असतात. त्या झालरींतून ती आईकडून पोषण घेतात. चंदेरीच्या पिल्लांच्या झालरी लांब असतात. तांबडीच्या आखूड असणार, असा मिझुएचा कयास होता. तसं निघालं तर आम्ही वेगळ्या ठरणार होतो आणि आम्हाला आमचं स्वतःचं नाव मिळणार होतं. त्यासाठी माझं पोट उघडायला हवं होतं. पण मांस घट्ट झाल्याखेरीज सुरी लावता येत नाही, म्हणून मिझुए थांबली.

ती बरणी घरी नेऊन माझी मापं घ्यायची. तिची सासू योने तेवढ्यानंही अस्वस्थ व्हायची. त्या किनाऱ्यावर गरोदर बाईच्या ताटात आमच्यातली कुणी कधी पडत नाही. तिच्या घरच्या स्वयंपाकघरातही आम्ही येत नाही.

"अगं, लांब ठेव ते! त्याची पिल्लं शेपटीकडून येतात. मूल पायाळू निघेल तुझं."

"आई, मी खातेय का? मी फक्त मोजतेय."

"मोजतेय म्हणे! माशाच्या पोटात काय आहे याची चिंता, आणि स्वतःच्या पोटाकडे लक्ष नाही."

"तिकडे उत्तरेत, सेनदाईकडे, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून हाच मासा मुद्दाम खायला घालतात, ठाऊक आहे?"

"मग जा सेनदाईला बाळंत व्हायला!"

दोघी हसल्या. योनेनं माझ्या बरणीवर फडकं टाकलं आणि सुनेपुढे गरम भात आणि आंबवलेल्या सोयाबीनचं, मिसोचं कढण ठेवलं.

मिझुएचे दिवस भरण्याआधीच तिला कळा सुरू झाल्या. मूल पायाकडून आलं आणि डोकं अडकलं. मुलगी होती. ती रडलीच नाही.

योने चुलीपाशी बसून एकदाच म्हणाली, "मी सांगत होते." नंतर तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण एकदा बोललेलं पुरेसं झालं.

मित्रांनो, यात माझा काही दोष नव्हता. जिथल्या लोकांनी आम्हाला पाहिलंही नाही, तिथेही मुलं पायाळू जन्मतात. मिझुएला हे कुणी शिकवायला नको होतं. सुतक संपल्यावर ती प्रयोगशाळेत आली. तिनं मला ताटात ठेवलं आणि सुरीचं टोक माझ्या पोटाला लावलं. मग तिनं सुरी खाली ठेवली आणि मला परत बरणीत सोडलं.

"तुझी तरी राहू देत तुझ्यापाशी," ती म्हणाली.

खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मीही आईच होते.

मिझुएनं नोकरी सोडली. पुढे तोरिसेची खाडी बुजवून तिथे मोठा मालधक्का बांधायचं ठरलं. एक अधिकारी प्रयोगशाळेत चौकशीला आला. "या खाडीत वेगळं, जपण्यासारखं काही आहे का?" त्यानं विचारलं. मिझुएच्या जागी आलेल्या माणसानं पुस्तक उघडून पाहिलं आणि म्हणाला, "नाही. सगळीकडे मिळतो तोच मासा इथे आहे." मी त्याच्या पाठीमागच्या फळीवर होते. आठवड्याभरात मातीचे ट्रक येऊ लागले.

मला शहरातल्या संग्रहालयाच्या तळघरात पाठवलं गेलं. तिथे माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. बरणीतलं पाणी हळूहळू आटलं. माझा पाठीचा पर उघडा पडला, वाळला आणि एक दिवस गळून पडला. वरच्या मजल्यावर शाळेची मुलं देवमाशाचा सांगाडा पाहायला यायची. त्यांची पळापळ मला ऐकू यायची.

पुष्कळ वर्षांनी किरितानी नावाची तरुण संशोधक आली. माशाच्या मांसाच्या कणावरून त्याचं कूळ सांगायची नवी विद्या तिला येत होती. तिनं माझा एक कण घेतला आणि निराश झाली. फॉर्मॅलिननं त्यातलं वाचण्याजोगं सगळं नासवलं होतं. मग बरणीवरच्या चिठ्ठीवर मिझुएचं नाव वाचून तिनं चौकशी केली आणि तिला शोधून काढलं. मिझुए काठी टेकत तळघरात उतरली. तिचे केस पांढरे झाले होते.

"बाई, रंग गेलाय, मांसही कामाचं नाही," किरितानी म्हणाली. "उरलंय ते पोटातलंच. मी कापू का?"

"नको. ते माझं राहिलेलं काम आहे."

तिनं सुरी लावली आणि ती सरळ गेली. माझी पिल्लं आत ओळीनं होती, सगळ्यांची शेपटं बाहेरच्या वाटेकडे. किरितानीनं भिंगातून पाहिलं.

"आखूड आहेत! बाई, झालरी आखूड आहेत. तुमचं बरोबर होतं."

मिझुएनं लगेच विचारलं, "कुठे मिळाली का एखादी? जिवंत?"

"सगळा किनारा पाहिला मी. बुड्या मारल्या, कोळ्यांना विचारलं. आता सगळीकडे चंदेरीच आहेत, बाई."

मिझुएनं माझं एक पिल्लू तळहातावर घेतलं. "मला वाटत होतं, मी तुला वाचवलं," ती त्याला म्हणाली. मग ती तिथल्या स्टुलावर बसली आणि रडली. किरितानी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

आम्हाला नाव मिळालं. तोरिसेवरूनच ठेवलं. ते छापून आलं, आणि त्याच्याच खालच्या ओळीत, ही जात आता उरलेली नाही, असंही छापून आलं.

मित्रांनो, मिझुएला बोल लावू नका. तिच्या जागी मी असते तर मलाही सुरी धरवली नसती. पण तुमच्या गावच्या पाण्यात, झाडीत जे जीव आहेत, त्यांना ओळखायला उशीर करू नका. आम्हाला नाव नव्हतं, म्हणून आम्हाला मातीखाली घालताना कुणाला परवानगीही मागावी लागली नाही.