सोबत फक्त एक पाहुणा

दचकू नका, मीच बोलतोय. यतिनच्या पाकिटातलं सोनेरी कार्ड. एका विमान कंपनीनं मला धाडलं आणि माझ्या अंगावर यतिनचं नाव ठसठशीत अक्षरांत छापलं. मला दाखवलं की विमानतळावरच्या लाउंजचं काचेचं दार उघडायचं, तपासणीची लांबलचक रांग टळायची. हल्ली ही सगळी कामं फोनच उरकतो. पण एकेकाळी माझा तोरा काय होता म्हणून सांगू.

कुठल्या यंत्रात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते सिडनीत, केलीव्हिलच्या एका घरात. यतिननं लिफाफा फोडून मला बाहेर काढलं आणि कौतुकानं बायकोपुढे धरलं. सुरुची वेस्टमीडच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये काम करते. ती नुकतीच शिफ्टवरून आली होती. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. म्हणजे तू घरी नसतोस त्याबद्दल हे बक्षीस."

खोटं नव्हतं ते. मी काही लग्नपत्रिकेसारखा वाटला जात नाही. यतिन मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटर इंजिनिअर. त्याचं ऑफिसचं काम पर्थला. रविवारी दुपारी निघायचं, आठवडा तिकडे काढायचा आणि परतायचं. अशी वर्षं विमानात घालवली तेव्हा कुठे मी त्याच्या पदरात पडलो. त्याची लेक नुपूर तेव्हा लहान होती. बाबाची बॅग भरून झाली की ती बॅगेवर बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही.

लाउंज म्हणजे मऊ खुर्च्यांचं, हलक्या आवाजाचं जग. सूप, चीज, केक, कॉफीचं यंत्र, सगळं हवं तेवढं घ्या. तरीही तिथली माणसं तोंड पाडून का बसतात, हे कोडं मला कधी सुटलं नाही. यतिनची जागा ठरलेली होती, खिडकीजवळची कोपऱ्यातली निळी खुर्ची. तिथे टेकला की तो चिंचवडला आईला, नीलिमाताईंना, फोन लावायचा. तिकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ असायची.

"काय आहे रे आज खायला?" नीलिमाताईंचा पहिला प्रश्न हाच.

यतिन समोरच्या पाटीवरून वाचून दाखवायचा. भोपळ्याचं सूप, भाजलेल्या भाज्या, पास्ता, लिंबाचा केक.

"घे हो सगळं. लाजू नकोस."

"घेतलंय आई. प्लेट समोरच आहे."

समोर असायचा नुसता चहाचा कप. घरून निघालं की त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला ते दिसत होतं, पण मी कोणाला सांगणार? तो म्हणायचा, "आई, तू आलीस ना की तुला इथे आणतो. माझ्यासोबत एका पाहुण्याला येता येतं." आणि त्या म्हणायच्या, "येईन की. ती तुझी खुर्ची बघायचीय मला."

त्या आल्या नाहीत. आधी गुडघे, मग हृदय, आणि एके दिवशी पुण्याहूनच फोन आला. यतिन जाऊन सगळं आटोपून परतला. त्यानंतरच्या रविवारी तो त्याच खुर्चीत फोन हातात धरून बसला होता, नंबर न लावता. तेव्हा मला त्याची फार दया आली.

पुढे पर्थचं काम घरूनच होऊ लागलं. विमानं थांबली आणि माझेही दिवस भरत आले. जूनअखेर माझी मुदत संपणार होती. नेमके त्याच दिवसांत यतिनचे वडील, रविंद्र आजोबा, सिडनीला आले. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, एवढा लांबचा प्रवास हा शेवटचा. टूवूंबाला यतिनचा चुलतभाऊ शौनक राहतो, त्याच्याकडे जायचं ठरलं. ब्रिस्बेनपर्यंत विमान, पुढे गाडी. मला वाटलं, चला, मरता मरता एकदा कुटुंबाच्या उपयोगी पडावं.

पण आजोबांपुढे माझी डाळ काही शिजली नाही. तपासणीच्या जागी यतिननं मला दाखवून सगळ्यांना छोट्या रांगेकडे वळवलं, तर आजोबा जागचे हलेनात. "ही माणसं आधीपासून उभी आहेत. आपण मध्येच कसं घुसायचं?" असं म्हणून ते सरळ मोठ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. मग काय, त्यांच्यामागे सुरुची, नुपूर, यतिन आणि खिशात तोंड लपवून मी.

लाउंजच्या दाराशी खरी गंमत झाली. माणसं चार आणि सोबत नेता येणार फक्त एकाला.

"बाबा, तुम्ही चला माझ्याबरोबर," यतिन म्हणाला.

"मला काय करायचंय? नुपूरला ने. तिचं खायचं वय आहे."

"आय ॲम फाइन," नुपूर म्हणाली. "मॉम आठवडाभर लॅबमध्ये उभी असते, मॉम कॅन गो."

"मी मुळीच नाही जाणार तुम्हाला बाहेर बसवून," सुरुची म्हणाली.

"बाबा, चला ना," यतिननं पुन्हा विचारलं.

"नको रे. इथे बरा आहे मी."

"बरं," यतिन म्हणाला आणि त्यानं मला पाकिटात सरकवलं.

इथे चुकला बघा गडी. आपल्याकडे पहिला नकार रीत म्हणून असतो, दुसरा संकोचापोटी, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो. वीस वर्षं ऑस्ट्रेलियात राहून यतिन ही मोजणी विसरला होता. इथे एकदा 'नो' म्हटलं की 'नो वरीज', विषय संपला. चौघं बाहेरच्या बाकड्यावर बसले, सुरुचीनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला आणि पुऱ्या संपता संपता विमानाची घोषणा झाली. आजोबा जाताना त्या काचेच्या दाराकडे दोनदा वळून पाहत होते. मी पाहिलं, यतिननं नाही.

जून म्हणजे इकडे हिवाळा, त्यात टूवूंबाची थंडी बोचरी. संध्याकाळी व्हरांड्यात बसलेल्या आजोबांच्या खांद्यावर यतिननं आपलं जॅकेट टाकलं आणि तो आत गेला. पाकीट जॅकेटात, मी पाकिटात, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"तुझी आजी रविवारी बाबाशी फोनवर बोलायची ना," आजोबा नुपूरला सांगत होते, "तो जिथून बोलायचा ती खुर्ची बघायची होती तिला. तिचं राहिलं. म्हटलं, आपण तरी बघून जावं. आता काही पुन्हा येणं होत नाही माझं."

"बट आजोबा, व्हाय डिडन्ट यू से येस? डॅडनं दोनदा विचारलं."

"अगं, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर म्हणालो असतो हो."

नुपूरनं बोटांवर एक, दोन, तीन मोजून पाहिलं. परतताना ब्रिस्बेन विमानतळावर आजोबा पेपर चाळत होते, तेव्हा तिनं यतिनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. विमानात त्यानं मला पाकिटातून काढून हातात धरलं आणि सिडनी येईपर्यंत अंगठ्यानं पुसत राहिला.

आमच्या कंपनीचं एक बरं होतं. विमानातून उतरल्यावरही त्या दिवशी लाउंजमध्ये जाता यायचं. उतरल्या उतरल्या यतिन आजोबांना घेऊन त्या दाराशी थांबला. "बाबा, चला आत."

"नको रे, सामान यायचं असेल."

"सामान आम्ही घेतो," सुरुची म्हणाली.

"बाबा, चला ना."

"कशाला उगाच..."

नुपूर मागे उभी राहून बोटं मोजत होती. तिनं बापाला तिसरं बोट दाखवलं.

"बाबा, माझ्यासाठी चला."

"बरं, चल," आजोबा म्हणाले. टेबलामागच्या बाईनं मला यंत्रावर टेकवलं, हिरवा दिवा लागला. "इन यू गो," ती हसून म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या जिवावर कोणी पाहुणा आत गेला तो हा पहिलाच.

निळी खुर्ची रिकामी होती. आजोबा तिच्यात बसले नाहीत. त्यांनी यतिनला तिथे बसवलं आणि स्वतः जाऊन एक प्लेट भरून आणली. सूप, भाज्या, केकचा तुकडा. ती त्याच्यापुढे ठेवून ते समोर टेकले.

"रविवारी काय खायचास रे इथे?"

"काही नाही, बाबा. नुसता चहा."

"तिला माहीत होतं."

"आईला?"

"पोरगं तोंडात घास घेऊन बोलतंय की रिकाम्या तोंडानं, हे आईला कळत नाही होय? तुझा फोन ठेवला की ती ताट झाकून ठेवायची. विमान सुटलं की तुला आत काहीतरी देतील, मग घड्याळ बघून ती जेवायला बसायची. मी किती वेळा ओरडलो असेन तिच्यावर. पण तुला सांगायचं नाही म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून."

यतिननं चमचा उचलला. सूप खारट झालं असणार, कारण डोळ्यांतलं पाणी सरळ त्यात पडत होतं. पण त्यानं प्लेट चाटूनपुसून संपवली, आणि ती संपेपर्यंत आजोबा समोर हात बांधून बसले होते.

आता माझं म्हणाल तर मुदत संपली, दारं बंद झाली. मी स्वयंपाकघरात असतो. ओट्यावर सुकलेली कणीक खरवडायला माझ्यासारखं हत्यार नाही, असं सुरुची म्हणते. एका कोपऱ्यावरचं सोनं उडालंय. तक्रार नाही, माणसांच्या घरात पडून आहे. फक्त एक मागणं आहे. तुमच्या पाकिटात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची मुदत आणि तुमची माणसं, दोन्ही आहेत तोवर त्याला वापरा. आणि विचाराल तेव्हा तीनदा विचारा.

आजोबा चिंचवडला सुखरूप पोचले. यतिन त्यांना दर रविवारी दुपारी फोन लावतो, जेवणाच्या टेबलावरून, भरलं ताट पुढ्यात घेऊन. सुरुची रागावते, तोंडात घास घेऊन बोलू नकोस म्हणून. तो ऐकत नाही. मोठ्ठा घास घेतो, फोन तोंडाजवळ धरतो आणि सावकाश चावत राहतो. पलीकडून आजोबा म्हणतात, "हं, येतोय आवाज. जेव आता सावकाश."