हात दिसले पाहिजेत

लॅपटॉप पडला तेव्हा तो आवाज फक्त खळीलाच ऐकू आला. बाबा खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. चार्जरच्या वायरीत तिचा पाय अडकला, हातातला चालू लॅपटॉप सटकला आणि कोपऱ्यावर आपटला. तिने झडप घालून उचलला. बटणांखालचा उजेड होता, आतला पंखा घरघरत होता, पण पडदा काळा ठिक्कर. एका कडेला तेवढी एक जांभळी रेघ.

त्या काळ्या पडद्याआडून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "अहो, हललं काय ते? तुम्ही आहात ना? हिला कळा जोरात सुरू झाल्यात."

"आहे, आहे," खळी म्हणाली. "तुम्हाला मी दिसतेय?"

"दिसताय की."

"मला तुम्ही दिसत नाही आहात. पडदा गेलाय माझा."

"मग आता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

खळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. नाव उच्चारून हाक मारायची सोयच नाही, म्हणून गालावर, खळी पडते तिथे, बोट टेकवायचं की झाली हाक. बोबडे बोल फुटायच्या आधी तिचे हात बोलायला लागले होते. आई गेली, बाबा तिच्याकडे राहायला आले, आणि घरातली ही भाषाच तिचं पोट भरू लागली. बहिरं माणूस दवाखान्यात नाहीतर कोर्टात गेलं की समोरच्याचं बोलणं हातांनी सांगायचं आणि त्याच्या हातांचं तोंडाने. हल्ली हे काम ती घरून, लॅपटॉपवर करायची.

आजची बाई तिच्या ओळखीची होती. पहिलटकरीण, बहिरी, स्वभावाने भारी खट्याळ. प्रत्येक तपासणीला खळीच असायची. नवराही बहिराच, आणि तो कामासाठी परगावी. आज निघाला होता पण पोचला नव्हता. सोबतीला सासू होती. जीव लावणारी, पण हातांच्या भाषेतली चार अक्षरंही न येणारी. दुसरा दुभाषी मिळायचा तर तासभर तरी लागला असता.

खळीने फोनवरून तोच व्हिडिओ कॉल उघडला. चित्र आलं, पण काय कामाचं! दवाखान्यातला पडदा नि त्यावरचा कॅमेरा स्टँडवर, पलंगापासून लांब, पुढे आणायला जागाच नाही. फोनच्या पडद्यावर ती बाई अंगठ्याएवढी दिसत होती. हात हलत होते, पण बोटं म्हणाल तर नुसता पांढुरका धुरळा.

"तिचं प्रेशर वाढलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला विचारा, डोकं दुखतंय का, आणखी काही होतंय का."

खळीने विचारलं. अंगठ्याएवढ्या बाईने घाईघाईने काहीतरी सांगितलं. हात चेहऱ्यापाशी गेला. कपाळ? डोळे? की नुसता घाम पुसला? खळीने फोन नाकाला लावला तरी उलगडेना.

"काय म्हणते?"

डोकं दुखतंय म्हणते, असं सांगून मोकळं होणं सोपं होतं. जिभेवर आलेलं ते वाक्य खळीने गिळलं. "मला नीट दिसलं नाही, डॉक्टर. अंदाजाने सांगणार नाही. मला मोठा पडदा जोडू द्या."

"लवकर जोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तिने पायाने जमिनीवर दोनदा थाप मारली. फरशीतून हादरा पोचला तसे बाबा वळले.

"तुमचा मॉनिटर," ती हातांनी म्हणाली. "कपाटावरचा. आत्ता हवा. बाळंतीण अडलीय."

बाबांनी झारी तिथेच टाकली. छापखान्यात ते संगणकावर पानं लावायचे, आणि निवृत्त होताना तो जाडजूड मॉनिटर मागून घरी आणला होता. गेली कित्येक वर्षं तो चादरीखाली कपाटावर होता. दोघांनी मिळून तो खाली उतरवला. अंगावर बोटभर धूळ. मागे निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची जुनी रुंद केबल. आणि ऑफिसने दिलेल्या नव्या लॅपटॉपला कडेला जेमतेम नखाएवढी दोन भोकं. या दोघांची सोयरीक जमायची कशी?

खळीने वायरींचा डबा टेबलावर पालथा केला. एक अ‍ॅडॅप्टर सापडला, लॅपटॉपच्या भोकातून एचडीएमआय काढणारा. दुसरा बाबांनी शोधला, एचडीएमआयला निळी केबल जोडणारा. एकाला दुसरा, दुसऱ्याला केबल, अशी आगगाडी झाली. मॉनिटरचा दिवा पिवळा लागला. पडद्यावर अक्षरं आली: सिग्नल नाही.

"दुभाषीबाई?"

"जोडतेय!"

बाबा स्क्रू आवळू लागले. उपयोग शून्य. मग तिला आठवलं, लॅपटॉप देणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, दोन्ही भोकं दिसायला जुळी असली तरी मागचं फक्त चार्जिंगचं आहे. तिने चार्जर उपटला, अ‍ॅडॅप्टर पुढच्या भोकात घातला. मॉनिटरने डोळे मिचकावले, तो काळा झाला आणि उजळला.

निळं आकाश, हिरवं कुरण. बस्स. ना दवाखाना, ना बाई. 

"दिसतंय का आता?" लॅपटॉपमधून विचारणा झाली.

खळीला रडू फुटायच्या बेतात होतं. लॅपटॉपला वाटत होतं, आपल्याला दोन पडदे आहेत. दवाखान्याची खिडकी त्याने मेलेल्या पडद्यावर ठेवली होती आणि बापड्या जुन्या मॉनिटरला नुसतं कुरण दाखवत होता. सगळं इकडे आणायची बटणं होती, पण ती आंधळेपणाने दाबायची. तिने डोळे मिटून आठवलं. खिडकीच्या खुणेचं बटण आणि पी. मग खाली जाणारा बाण. मग एंटर. काहीच झालं नाही. पुन्हा एकदा, सावकाश. पडदा विझला. आता हाही गेला, असं तिच्या मनात आलं तोच चित्र उमटलं.

मोठा पलंग. डॉक्टरबाई, नर्स. आणि उशीवर घामाने डबडबलेला, ओळखीचा चेहरा. बाई कॅमेऱ्याकडे टक लावून बघत होती, पण हात हलत नव्हते. का हलत नव्हते? सासूने मायेने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

"सासूबाई, तिचे हात सोडा!" खळी ओरडली. "तुम्ही तिचं तोंड दाबून धरलंय!"

सासूने चटका बसल्यासारखे हात सोडले. त्याच क्षणी मॉनिटर गुलाबी झाला, थरथरला आणि विझला.

जुन्या केबलचं तोंड सैल झालं होतं. खळीने ते दाबून जरा वर उचलून धरलं तर चित्र आलं. सोडलं की गेलं. पण ते धरून ठेवलं तर ती बोलणार कशाने? तिने बाबांकडे पाहिलं. सांगावं लागलंच नाही. बाबा गुडघ्यांवर बसले, हात मॉनिटरमागे घातला आणि ते तोंड चिमटीत पकडलं. चित्र स्थिर झालं.

"सांग," खळी हातांनी म्हणाली. "काय होतंय?"

बाईचे हात सुटले. आता प्रत्येक बोट दिसत होतं. "डोळ्यांपुढे ठिपके नाचताहेत. सकाळपासून. डोकं फुटतंय. मी केव्हाची सांगतेय, कोणी बघतच नाही!"

खळीने ते शब्दन् शब्द तोंडाने सांगितलं, शेवटच्या रागासकट. डॉक्टरबाईंचा चेहरा पालटला. त्यांनी नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तिला सांगा, झटका येऊ नये म्हणून हे औषध देतोय. अंगात आग झाल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही."

खळीने सांगितलं. बाई म्हणाली, "मी कुठे घाबरलेय? तूच घाबरलीस. चेहरा बघ आरशात." तशा अवस्थेतही! खळीला हसू आलं आणि डोळे भरले.

पुढचं सगळं झरझर झालं. कळ यायची, बाई जोर लावायची. कळ ओसरली की खळी डॉक्टरांचं बोलणं पोचवायची. बाबांचा हात अवघडला होता. कोपर टेबलाच्या पायाला टेकवून ते तसेच बसून राहिले.

"डोकं दिसतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि लगेच आवाज बदलला. "थांब, थांब! नाळ मानेभोवती आहे. सांगा तिला, जोर लावायचा नाही. अजिबात नाही!"

खळीने दोन्ही हात उंचावले. पण बाईने डोळे गच्च मिटून घेतले होते.

बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की जगाची दारं बंद. आता ओरडून काय उपयोग? नर्स तिच्या कानाशी ओरडत होती, सासू ओरडत होती. बाई सगळं बळ एकवटून जोर लावत होती.

"खोलीतला दिवा!" खळी ओरडली. "दिवा बंद-चालू करा! भराभरा! डोळे उघडेपर्यंत!"

"काय?" नर्स म्हणाली.

"करा ती सांगते तसं!" डॉक्टरबाई कडाडल्या.

खोली अंधारली, उजळली, अंधारली. खळीच्या लहानपणी घरात एकमेकांना हाक मारायची हीच रीत होती. मिटल्या पापण्यांवर उजेड नाचला आणि बाईने डोळे उघडले.

"थांब! जोर नको! फुंक मार!" खळीचे हात, खांदे, अख्खा चेहरा ओरडला. बाई गोंधळली. तेवढ्यात मॉनिटरमागून बाबांनी डोकं पुढे काढलं, कॅमेऱ्यात आले आणि गाल फुगवून फू फू करत फुंकर मारायला लागले. बाई त्या अनोळखी म्हाताऱ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिनेही गाल फुगवले. फू. फू. फू.

"शाब्बास. अशीच राहा... सुटली. नाळ सुटली. आता लाव जोर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग लॅपटॉपमधून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

"मुलगी," खळी हातांनी म्हणाली.

सासू पदर तोंडाला लावून रडत होती. डॉक्टरबाईंनी प्रेशर बघितलं, मान डोलावली आणि पोर आईच्या छातीवर ठेवलं. बाईने तिच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि एक हात मोकळा करून विचारलं, "रडतेय ना? कशी रडतेय? सांग ना."

खळीचे हात उचलले गेले आणि तसेच थांबले. इतकी वर्षं तिने काय काय सांगितलं होतं, पण रडणं कसं सांगायचं? मोठ्याने? बारीक? ज्याने कधी आवाज ऐकलाच नाही त्याला या शब्दांचं काय?

बाबांनी तिला कोपराने हलकेच सरकवलं. एक हात अजून केबलवर होता, म्हणून ते दुसऱ्याच हाताने बोलले, अडखळत, पण स्पष्ट.

"तिच्या पाठीवर तळवा ठेव. पूर्ण तळवा. मी हिचं रडणं तसंच ऐकायचो."

बाईने त्या एवढ्याशा पाठीवर तळवा टेकवला. पोरीने श्वास घेतला आणि पुन्हा टाहो फोडला. बाईचे डोळे विस्फारले. तिने हात काही उचलला नाही.