समुद्र न चाखलेली बाटली

मी प्रयोगशाळेतली कोरी बाटली बोलतेय. पांढरट प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. दिसायला काही नाही, पण कान फार तिखट.

आम्ही सहा जणी. खाडीत शिसं कुठून येतं ते शोधायला प्रयोगशाळेतल्या बाई आम्हाला नेतात. त्याआधी आठ दिवस आम्लात अंघोळ, मग एकावर एक दोन पिशव्यांत गुंडाळणं. नवरीचेसुद्धा एवढे लाड नसतील! पाच जणींच्या पोटात समुद्राचं पाणी भरतात. माझ्यात मात्र इथलंच शुद्ध पाणी. बोटीत माझं झाकण मिनिटभर उघडायचं, लावायचं, परत आणायचं. लग्नाला जाऊन न जेवता यायचं, तसं माझं. मला फार लागायचं ते.

त्या सकाळी किनाऱ्यावर नावाडी हसतमुखाने उभा होता. बोट पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेली. त्याची बायको टोपली कमरेवर घेऊन म्हणाली, "चार वर्षं सांगतेय, बोट घास. आज ताई येणार म्हटल्यावर बरा मुहूर्त लागला!"

"तू कुठे बसतेस बोटीत?" तो म्हणाला. सगळे हसले.

मग ती बाईंजवळ आली. आवाज उतरला. "ताई, शिसं त्या बॅटरीवाल्यांच्या नाल्यातूनच येतं, त्याचं काय ते बघा. पण माझी शिंपल्यांची जागा बंद नका करू. माझं सगळं त्या चिखलातच आहे."

आठवड्याने आकडे आले. पाचही जणींत शिसं, शिंपल्यांच्या जागेवर तर भरपूर. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जागा बंद करा, असं लिहायला घेतलं.

तेवढ्यात मदतनीस मुलगी म्हणाली, "बाई, कोरीचा आकडा बघितलात?"

माझ्यातही शिसं! अहो, मी समुद्राचा थेंब चाखला नव्हता. मग आलं कुठून? माझं झाकण उघडलं ते फक्त बोटीत, म्हणजे बोटीतूनच. बाई मला हातात घेऊन तशाच उठून किनाऱ्यावर गेल्या.

"दादा, बोट घासली तेव्हा खालचा रंग कोणता होता?"

"शेंदरी. वडिलांनी लावलेला, जुना. पूड बघा ना, अजून फळीच्या फटीत आहे."

त्या शेंदरी पुडीतच शिसं होतं. पहिले सगळे आकडे बाईंनी बाद केले. दुसऱ्या खेपेला बोट दुसरी, हातमोजे नवे. नावाडी वाट दाखवायला आला, पण त्याच्या अंगावरून वारा आमच्याकडे येणार नाही अशा बाजूला अंग चोरून बसला. या वेळी मी स्वच्छ निघाले. म्हणजे आता बाकीच्यांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

नाल्यापाशी शिसं होतं, पण थोडं. सगळ्यात जास्त होतं, जिथे सगळ्यांच्या बोटी वर ओढून घासतात त्या वाळूपाशी. ओहोटी तिथलं पाणी शिंपल्यांकडेच नेते. शिंपल्यांच्या जागेचा आकडा पहिल्यापेक्षा कमी, तरी नको तेवढा. शिंपल्या तपासून होईपर्यंत वेचणं बंद.

बाईंनी मला सोबत नेऊन हे दोघांना त्यांच्याच दारात समोर बसवून सांगितलं. नावाडी बायकोकडे न बघता म्हणाला, "म्हणजे मीच की."

मला वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार. पण ती उठली, घरातली ताडपत्री आणून त्याच्यापुढे टाकली. "यापुढे ही खाली अंथरून घासायचं. बाकीच्यांनाही सांग. आणि पूड माझ्या दारात झटकू नकोस."

तिची टोपली अजून दारात उपडी आहे.

उद्या पुन्हा जायचंय. मी आता रुसत नाही. बाईंना एकच सांगणं, मला कधी घरी ठेवून जाऊ नका. माझ्यात काही सापडू नये आणि शिंपल्यांच्या जागेवर भरतात त्या माझ्या बहिणीत आणखी कमी सापडावं, एवढंच मागणं.

नावाडी हल्ली बोटीत चढण्याआधी तपासायला बाईंपुढे दोन्ही हात धरतो. आधी पालथे, मग उताणे.