नाणे वाजते तोवर

मित्रांनो, दवाखान्यातून फोन आला त्या सकाळी मी गॅसवर होतो. फोन ऐकून फिदेन्सियो खुर्चीत बसला, तो बसूनच राहिला. त्याची बायको हर्मिनिया गेली होती. माझ्या पोटातले पाणी आटत गेले, तळाचे नाणे वाजायचे थांबले, आणि कोणी उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी करपलो.

मी एक जुना टोप आहे. उंच, अॅल्युमिनियमचा, पोटात भोकांची जाळी असलेला. शिकागोच्या मेक्सिकन वस्तीतल्या एका दुकानात आम्ही सारे भाऊ एकात एक बसवलेले होतो. हर्मिनियाने प्रत्येकाला टिचकी मारून आवाज ऐकला आणि मलाच निवडले. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

माझे काम तमाले उकडण्याचे. मक्याच्या पिठात तिखट मांस भरायचे, कणसाच्या वाळल्या सालीत गुंडाळायचे आणि माझ्यात उभे रचायचे. त्याआधी हर्मिनिया जाळीखाली एक नाणे टाकी. तिच्या आईची ती रीत होती. पाणी असेपर्यंत उकळीने नाणे खुळखुळते. ते गप्प झाले की पाणी संपले असे समजावे. घरात भांडण झाले तर तमाले कच्चे राहतात, असेही ती मानी. म्हणून मला गॅसवर चढवले की फिदेन्सियोला तोंड उघडायची बंदी असे.

ती दोघे मेक्सिकोहून पाहुण्यांच्या व्हिसावर आली आणि मुदत संपली तरी राहिली. काम करायचा परवाना नव्हता. फिदेन्सियो घरांची छपरे बसवायचा. हर्मिनिया मला जाड पांघरुणात गुंडाळून, बाळाच्या जुन्या ढकलगाडीत बसवून कोपऱ्यावर न्यायची. थंडीत माझे झाकण उघडले की समोरच्यांच्या चष्म्यांवर वाफ धरायची. एक बसचालक रोज कुरकुरायचा की तुमच्या तमाल्यांपायी माझी बस उशिरा सुटते. ती म्हणायची, मग बसच इथे उभी करा, मी आत येऊन विकते. मी कधी भरलेला घरी परत आलो नाही.

त्यांची मुलगी नोएमी इथेच जन्मली, म्हणून इथली नागरिक. ती एकवीस वर्षांची झाली आणि आता आईला कायमचे राहायला मिळावे म्हणून अर्ज करू, असे तिने ठरवले. अर्जात एक प्रश्न होता. परवान्याशिवाय कधी काम केले आहे का?

फिदेन्सियो बायकोला एका नोटरीकडे घेऊन गेला. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा वकील. इथे नोटरी म्हणजे शिक्का मारणारा माणूस. नावाच्या या सारखेपणाला आमची किती माणसे भुलली आहेत! त्या माणसाने त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले, धंदा 'गृहिणी' असा लिहिला आणि सही कुठे करायची ते दाखवले. हर्मिनियाने सही केली नाही. कागद तसाच घरी आणला. मी गॅसवर होतो, तरी त्या दिवशी फिदेन्सियोने बंदी मोडली.

"गृहिणीच आहेस की तू, म्हातारे. त्यात खोटं काय?"

"मग कोपऱ्यावर कोण उभं होतं, म्हाताऱ्या? तुझी मावशी?"

"खरं लिहिलंस तर हाकलून देतील. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

तिने माझ्याकडे बोट केले. "ऐक. वाजतंय ना? वाजतंय तोवर भीती नाही. गप्प झालं की करपतं. मी गप्प बसणार नाही."

त्या दिवशी तमाले खरेच कच्चे राहिले.

चर्चच्या तळघरात एक वकीलबाई शनिवारी लोकांना सल्ला देत. नोएमी आईला त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितले की आई व्हिसावर आली आणि सज्ञान मुलगी इथली नागरिक आहे, त्यामुळे केलेले काम आड येत नाही. जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर मात्र आड येते. नवा अर्ज भरला. त्यात तमाले आले, कोपरा आला, सगळी वर्षे आली. फिदेन्सियोची भीती तरी गेली नाही. आधी तुझे होऊ दे, मग माझे बघू, असे तो म्हणाला.

मुलाखतीची गोष्ट नोएमीने स्वयंपाकघरात इतक्यांदा सांगितली की मला ती पाठ आहे. अधिकाऱ्याने कागदावर बोट ठेवून विचारले, हे काम कोणाकडे केले?

"कुणाकडे म्हणजे? मालकीण मीच," हर्मिनिया म्हणाली. "लाल, हिरवे आणि गोड. परवाना नव्हता, हे खरं. तमाले चांगले होते, हेही लिहा."

अधिकाऱ्याने परवान्याचे तेवढे लिहून घेतले.

कायमचे राहण्याचे कार्ड आले त्या दिवशी तिने ते माझ्या झाकणाला टेकवून उभे केले आणि शेजाऱ्यांना बोलावून आधी मला दाखवले, मग कार्ड. तिला ते फार वापरायला मिळाले नाही. आजार आला. पण कार्ड आल्यानंतर कोपऱ्यावर उभी असताना, पोलीस येतो का म्हणून तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या भांड्यांचा आवाज ओळखायला शिका. ती बोलत असतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही. गप्प झाली की धूर येतो, आणि मग सगळे धावतात. माझी विनंती एवढीच आहे.

फिदेन्सियोने माझा तळ तारेच्या घासणीने घासला. चिकटलेले नाणे सुटले. ते धुऊन त्याने पुन्हा जाळीखाली ठेवले. नोएमीने त्याचा अर्ज आणून टेबलावर ठेवला आहे. नाव, गाव, जन्म, बायकोचा मृत्यू, सगळे त्याने लिहिले आहे. छपरांचे काम अजून लिहिलेले नाही.