तिसरी खुर्ची

तिने खुर्ची ओढली आणि काकांनी ताट उचललं.

रोजच्यासारखंच. चमचा ताटात आडवा ठेवला, पावाचा तुकडा कडेला सारला, डावा हात तोंडावर धरला आणि ते मागच्या दाराने अंगणात निघून गेले. दार मात्र त्यांनी हळूच ओढून घेतलं. त्या हळूपणानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बस ना," काकू म्हणाल्या. "सूप गार होतंय."

"मी आले की ते का उठून जातात?"

काकूंनी सुपात पळी उगाचच दोनदा फिरवली. "त्यांचं तसंच आहे गं. मनाला लावून घेऊ नकोस. सवय होईल."

काका-काकू हे नातं तिनेच लावलं होतं. परदेशात शिकायला आल्यावर कॉलेजने ज्या घरी तिची राहायची सोय केली, त्या घरातली ही साठी ओलांडलेली दोघं. काय हाक मारू, असं तिने पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "तुझ्या तोंडी येईल ती." तोंडी काका-काकूच आलं. आता सहा आठवड्यांनी त्या माणसाला काका म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

आणि हे 'सवय होईल'! गादी फार मऊ आहे म्हटलं, सवय होईल. नळाला आधी चटका देणारं आणि मग हाडं गोठवणारं पाणी येतं म्हटलं, सवय होईल. भिंतीतला पाइप पहाटे ठकठक करतो म्हटलं, तरी तेच. काकू हे दोन शब्द मिठासारखे प्रत्येक गोष्टीवर भुरभुरवत. गादीची झाली सवय, नळाची झाली, पाइपचीही झाली. आपण बसलो की उठून जाणाऱ्या माणसाची सवय कशी करतात, ते मात्र तिला जमत नव्हतं.

ताट अर्धं टाकून ती वर गेली आणि खोलीचं दार तिने असं आपटलं, की जिन्यातल्या भिंतीवरचे फोटो हलले.

त्या फोटोंचाही तिला राग होता. आधी या घरात राहून गेलेली मुलं-मुली त्यात होती, सगळी त्याच जेवणाच्या टेबलाशी बसलेली. आणि प्रत्येक फोटोत हे काका, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून, पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडून हसताना. घर वाटून देणारा कॉलेजचा कारकून तरी वेगळं काय बोलला होता? "नशीबवान आहात. फार गप्पिष्ट माणूस आहे. जेवायला बसले की तासभर उठत नाहीत." बोलताना त्या कारकुनाचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला दिसत होता, हेही तिच्या लक्षात होतं. कृत्रिम दात आणि कवळ्या करायचं शिक्षण घ्यायला लागल्यापासून तिला तशी खोडच लागली होती. माणसाच्या आधी तोंडाकडे बघायचं, डोळ्यांकडे नंतर.

म्हणजे सगळ्यांशी गप्पा. सगळ्यांच्या खांद्यावर हात. फक्त ही आली की ताट उचलायचं.

आणि तो तोंडावरचा हात. जिन्यात समोरासमोर आले, हात वर. स्वयंपाकघरात ती पाणी प्यायला गेली, हात वर. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, खोकला असेल. दुसऱ्या आठवड्यात उमगलं. माणूस नाक झाकतो, आणखी काय? तिने केसांना तेल लावणं बंद केलं. साबण बदलला. सकाळ-संध्याकाळ अंघोळ करू लागली, आणि एकदा तर खोलीत एकटी असताना स्वतःची बाही नाकाशी धरून हुंगत बसली. त्या दिवशी तिला रडू आलं नाही, संताप आला. आपल्या घरी कोणाला नजर वर करून बोलू न देणारी मी, इथे येऊन स्वतःचाच वास घेत बसते!

घर बदलून मिळण्याचा अर्ज तिने दोन दिवसांपूर्वीच आणून ठेवला होता. सहा आठवडे पूर्ण झाल्यावर एकदाच तो करता येत असे, आणि सोमवारी दुपारी मुदत संपत होती. 'कारण' या शब्दापुढे चार ओळी होत्या. यजमानांची वागणूक अपमानास्पद असेल तर त्यांचं नाव यादीतून कायमचं काढलं जाईल, असं खाली बारीक अक्षरांत छापलं होतं. जाऊ दे की. मग बसावं म्हणावं रिकाम्या टेबलाशी, भिंतीवरचे फोटो बघत. तिने पेन घेतलं आणि चारही ओळी भरल्या.

शनिवारी अर्धा दिवस लॅब होती. मेणात चौदा दात बसवायचे होते. तिने बसवले, आणि मास्तरीणबाईंनी वरची-खालची ओळ एकमेकींवर टेकवून बघितली.

"डावीकडे एक दात उंच झालाय."

"थोडासाच आहे, बाई. पेशंटला सवय होईल."

ते शब्द आपल्याच तोंडून गेले हे कळेपर्यंत बाईंनी मेणाचा तो अख्खा कमानीदार तुकडा काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकला होता.

"हे वाक्य माझ्या लॅबमध्ये पुन्हा नको. तोंडाला सवय होत नसते. माणूस खायचा बंद होतो, मग बोलायचा बंद होतो. लोकांना वाटतं, झाली सवय." बाईंनी हात पुसले. "आज तुझं डोकं ठिकाणावर नाही. घरी जा."

घरी! ती पांढरा कोट अंगात तसाच ठेवून निघाली. कोटाच्या एका खिशात अर्ज होता. आता तो नुसता देऊन भागणार नव्हतं. आधी त्या माणसासमोर उभं राहून वाचून दाखवायचा, अगदी चारही ओळी, आणि मग नाक झाक म्हणावं. रस्ताभर ती दात-ओठ खात मनात वाक्यं जुळवत होती, इथल्या भाषेत चुका होऊ नयेत म्हणून दोन-दोनदा.

काकू बाजारात गेल्या होत्या. टेबलावर फक्त तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ती मागच्या दाराने अंगणात गेली. काकांची हत्यारं ठेवायची खोली अंगणाच्या टोकाला होती आणि तिचं दार अर्धवट उघडं होतं.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती दारातूनच म्हणाली, आणि जुळवलेलं पुढचं वाक्य तिला म्हणता आलं नाही.

काका पाठमोरे, रंधा मारायच्या बाकाशी उभ्यानेच जेवत होते. जेवण कसलं, चमच्याने ताटातल्या सफरचंदाचा गर खरवडून तोंडात घालणं चाललं होतं. शेजारी पाण्याच्या पेल्यात कवळी होती. वरची फक्त. खालची बाकाला जोडलेल्या शेगड्याच्या पकडीत, लाकडाचा तुकडा आवळावा तशी फडक्यात अर्धवट गुंडाळून आवळलेली, आणि तिच्यापाशी एक बारीक कानस.

ते वळले. गाल आत गेलेले, ओठ मिटून आत वळलेले. दहा वर्षांनी अधिक म्हातारे दिसत होते. हात झटक्यात वर गेला, आणि तो नाकावर नव्हता, तोंडावर होता. पहिल्यापासून तो तोंडावरच होता.

तिची नजर मात्र कानशीवर खिळली होती.

"हे तुम्ही घासलंत?"

शेगडा झाकायला ते बाकापुढे सरकले.

"कानशीने? कवळी कानशीने घासलीत?" तिचा आवाज असा चढला की शेजारच्या घराची खिडकी उघडली. "दाराची फळी आहे का ही? आणि घासलीत तीही फक्त उजवीकडून! कोणी सांगितलं उजवीकडून घासायला? कोणी केली ही? त्याला दाखवली नाहीत?"

तिने शेगडा सैल करून कवळी हातात घेतली, उजेडात धरली, बोट फिरवलं. सहा आठवडे साठलेलं सगळं तोंडातून बाहेर पडत होतं, पण इथल्या भाषेतलं जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. मधूनच ती स्वतःच्या भाषेत बोलत होती.

"दाखवली," काका हातामागून म्हणाले. बोळक्या तोंडातून शब्द पाझरल्यासारखे येत होते, तिला अर्धे अंदाजाने घ्यावे लागले. "दोनदा. म्हणाला, सवय होईल."

कवळीवर फिरणारं तिचं बोट थांबलं.

"आठ महिने झाले. खाताना खडखड वाजते. बोलताना निसटते." ते कानशीकडे बघत राहिले. "आणि तू दातांचं शिकायला आलेली. पहिल्या दिवशी दारात आलीस ती माझ्या तोंडाकडेच बघत होतीस. मी बायकोला म्हटलं, या पोरीला कवळीचं काही बोलशील तर बघ."

ती त्या दिवशी बघत होती का? बघतच असणार. ती सगळ्यांच्याच तोंडाकडे बघते. तिला आता स्वतःचा असा राग आला की तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून तिने तो पुन्हा त्यांच्यावरच काढला.

"धुवा ही. दोन्ही घाला तोंडात. बसा त्या स्टुलावर. हात खाली!"

काका बसले. तिच्या कोटाच्या वरच्या खिशात निळ्या पातळ कागदाच्या पट्ट्या होत्या, चावल्यावर कुठला दात आधी टेकतो त्याचा ठसा उमटवणाऱ्या. तिने दोन पट्ट्या त्यांच्या दातांत धरल्या.

"चावा. पुन्हा. आता तोंड उघडा. मोठं."

डावीकडे मागच्या दाढेवर ठसठशीत निळा ठिपका होता. बाकी सगळे दात कोरे. एका दाढेवर हा माणूस आठ महिने जेवायचा प्रयत्न करत होता. तिने खालची कवळी काढून बघितलं, तर त्या दाढेखालची हिरडी सोलून लाल झाली होती.

"ही आता माझ्याकडे राहील. सोमवारी माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचं, बाईंना दाखवायला. तोवर तोंडात घालायची नाही."

"तोवर जेवू कसा?"

"जसे जेवत होतात तसेच. पण आत."

दाढेची जागा लिहून घ्यायला तिला कागद हवा होता. खिशात हात घातला तर हाताला अर्ज लागला. तिने तो पालथा करून बाकावर ठेवला, कमान काढली, दाढेवर फुली मारली आणि घडी घालून पुन्हा खिशात टाकला. मग त्यांचं ताट उचललं आणि चालू लागली.

काकू बाजारातून परतल्या तेव्हा ताट रोज ती आली की रिकाम्या होणाऱ्या तिसऱ्या खुर्चीपुढे होतं आणि काका त्या खुर्चीवर होते. काकू पिशवी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी सूप गरम करायला ठेवलं.

काकांनी पाव सुपात बुडवला, मऊ होईतो थांबले, आणि तिच्यासमोर तोंडात घातला. आवाज झाला, थोडं सूप हनुवटीवर ओघळलं. ते तिने पाहिलं, आणि तिने पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"तू," काका शेवटी म्हणाले. चांगलेच रागावलेले होते. "तू दार फार आपटतेस. रोज. भिंतीवरचे फोटो सरळ करून माझी मान दुखायला लागली."

काकूंची पळी हवेतच थांबली.

तिने पावाचा मऊ भाग काढून त्यांच्या ताटात ठेवला, आणि कडा स्वतःकडे घेतल्या.

"सवय होईल," ती म्हणाली.

काकांचा डावा हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर आला, आणि पाव उचलायला खाली गेला.