मऊ चकल्या आणि राजवाड्याचं लेबल

मित्रांनो, माझ्यावर पैज लागली तेव्हा मी ओट्यावर पालथा वाळत पडलो होतो. मी एक जुना पितळी सोऱ्या. चकल्या पाडणं हा माझा धंदा, आणि लोकांची फजिती बघणं हा छंद.

पैज लावली शेजारच्या हिम्मतरावांनी, आमच्या राणीशी.

"खरं सांगून काही खपत नसतं, पोरी. दिवाळीपर्यंत या गेटवर गिऱ्हाइकांची रांग लागली, तर मी बायकोचा ॲप्रन घालून रस्त्यावर चकल्या पाडीन."

"आणि नाही लागली तर?"

"हा सोऱ्या माझा. मोडीत घालतो आणि दारावर माझ्या नावाची पितळी पाटी ठोकतो."

राणीनं टाळी दिली. मला कुणी विचारलंच नाही.

आता पाळी इथवर कशी आली ते ऐका. पद्मावतीबाई, म्हणजे राणीची आई, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मला काचीगुड्याच्या बाजारातून घेऊन आल्या. नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत माझा काय थाट होता. तेलुगू शेजारणी घरची जंतिकलु, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्या, बाजूला ठेवून आमच्या मागायच्या. मग दुकानात तयार पाकिटं आली आणि मी माळ्यावर गेलो. पोटात कोळ्यानं संसार थाटला. किती वर्षं, ते त्या कोळ्यालाच विचारा.

यंदा राणीच्या मनात आलं, आईच्या चकल्यांचा ब्रँड करायचा. मला खाली काढलं, चिंचेनं घासलं. हिम्मतराव सल्ला द्यायला हजर. "लेबलवर लिही, राजवाड्यातली शाही चकली." राणीनं लिहिलं. पाकिटं भराभर गेली. पण त्या घाईत मायलेकींनी चकल्या गरमच पाकिटात भरल्या. आत वाफ धरली, चकल्या मऊ पडल्या.

विद्यानगरच्या विजयलक्ष्मी टीचरांनी एक पाकीट नेलं होतं. त्या परत गेटवर येऊन म्हणाल्या, "अम्मा, कौनसे राजा के घर की है ये?"

पद्मावतीबाईंना खोटं जमत नाही. "राजा कुठला, टीचर. मैं हूँ और ये सोऱ्या है."

टीचर हसल्या आणि या वेळी काही न घेता गेल्या. त्यानंतर कुणीच फिरकलं नाही. राणी म्हणाली, आता लेबल फाडून खरं तेच सांगू. त्यावरच ती पैज लागली.

आता माझ्या जिवाचा प्रश्न होता. राणीनं फोन उभा केला, पद्मावतीबाई माझ्यात पीठ भरायला लागल्या.

"आई, छान छान बोल काहीतरी."

"छान काय बोलू? मागच्या खेपेला मऊ गेल्या त्या." मग फोनकडे बघून म्हणाल्या, "गरमच भरल्या बघा, माझी चूक झाली. ज्यांना मऊ लागल्या त्यांनी आणून द्या, बदलून देते. आणि ते राजवाड्याचं खरं नाही. आमचं घर परभणीकडचं, शेतकऱ्याचं."

राणीनं काहीही न कापता तो व्हिडिओ टाकला. हिम्मतराव कुंपणावरून म्हणाले, "संपलं. पाटीवर अक्षरं मोठी काढायला सांगतो."

दुसऱ्या दिवशी टीचर उरलेलं पाकीट घेऊन आल्या. पद्मावतीबाईंनी ताज्या दिल्या, गार होईपर्यंत बसवून घेतलं. टीचर निघताना म्हणाल्या, "मेरे भी ऐसेच नरम हुए थे, सास ने सालभर सुनाया." आणि जाताना दोन पाकिटं विकत नेली.

मग दर शनिवारी व्हिडिओ. कधी पीठ सैल झालेलं, कधी मी अडकून बसलेलो, कधी पद्मावतीबाई मलाच शिव्या घालताना. एका शनिवारी त्यांना ताप आला, व्हिडिओ झाला नाही. दुपारपर्यंत फोन वाजत राहिला. चकलीचं कुणी विचारेना, सगळे एकच विचारत होते, अम्मा कैसी है. काचीगुड्याहून एक बाई मिरियाल चारू, म्हणजे मिऱ्याचं सार, डब्यात घेऊन आल्या. त्या दिवशी मला कळलं, हे आता नुसतं गिऱ्हाईक राहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला खाली काढा, घासा, कोरडा पुसून ठेवा. आणि त्याची गोष्ट सांगाल तेव्हा तो अडकतो, तेही सांगा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी रांग गेटबाहेर पडून बसस्टॉपपर्यंत गेली. हिम्मतराव मागच्या दारानं सटकत होते, त्यांच्या बायकोनंच ॲप्रन हातात दिला.

ते रस्त्यावर मांडी घालून बसले. माझी मूठ फिरवायला लागले. मी मुद्दाम दोनदा अडकलो, एवढा हक्क माझाही आहे. चकली पडली ती सुटलेल्या बुटाच्या नाडीसारखी. रांग खोखो हसत होती. राणीनं फोन पुढे धरला.

"बोला काका. काय सांगू लोकांना? राजवाड्यातली आहे?"

हिम्मतरावांनी कपाळावरचा घाम पुसला, तर तिथंही पीठ लागलं.

"नक्को," ते म्हणाले. "सांग, वाकडी आहे आणि हिम्मतरावानं पाडली आहे."

"ये मेरे को दो," टीचर मागून म्हणाल्या. "गार होने दो पहले."