तीन हिरवे

आमच्या विमानांच्या क्लबातल्या कँटीनच्या भिंतीवर सात तवे टांगलेत. चाकं बाहेर काढायला विसरून जो विमान पोटावर उतरवतो, त्याने सगळ्यांना बिअरचं पिंप पाजायचं आणि तव्यावर नाव, तारीख, कारण कोरून घ्यायचं, असा रिवाज. कारणं वाचण्यासारखी आहेत. "गांधीलमाशी." "सासूचा फोन." "नवी बायको बघत होती." सातही तवे ओताकरकाकाने कोरलेत, आणि कोरताना पोट धरून हसलाय. त्याच्या विमानाची चाकं पोटात दुमडतात, तरी तीस वर्षांत त्याचा तवा नाही.

कारण वर रेडिओच्या खोलीत त्याची बायको क्वेता बसायची. काका उतरायला आला की तिचा आवाज यायचा, "ओतो, चाकं?"

"तीन हिरवे," काका म्हणायचा. चाकं बाहेर येऊन घट्ट बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात, म्हणून.

चाकं विसरली की बोंब मारणारा भोंगा त्याच्या विमानात होता. पण तो रेडिओतून क्वेताच्याच अंगावर खेकसल्यासारखा ओरडायचा. "लिबोर," ती मला म्हणाली होती, "एका नवऱ्यामागे कटकट करायला एक बाई पुरे. काप ती तार." मी क्लबाचा मेकॅनिक. कापली.

क्वेता जानेवारीत गेली. काका घरी एकटा, मुलगी कॅनडात. त्याला माणसं भेटायची ती शनिवारी, इथेच, आणि तीही विमानामुळे. विमान नसतं तर यायला निमित्तच उरलं नसतं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तो पुन्हा उडाला. आम्ही कँटीनमध्ये गुलाश खात होतो. स्पीकरवर काकाचा आवाज आला, "उतरायला येतोय." कुणीच बोललं नाही. विमान डोक्यावरून गेलं, वळलं. "उतरायला येतोय." पुन्हा वळलं.

"म्हाताऱ्याला झालंय काय? पट्टी मोकळी आहे की!" अध्यक्ष श्टेपान म्हणाला.

"बोल ना कुणीतरी."

"तू बोल. तुझं खाऊन झालंय."

"मी अजून डंपलिंग घेणारे."

तिसऱ्या फेरीला माझ्या डोक्यात उजेड पडला. चमचा हातात तसाच घेऊन मी वर पळालो, माइक धरला. "काका, चाकं?"

मग आवाज आला, जरा ओलाच, पण खूश. "तीन हिरवे!"

मी खाली येऊन गुलाशला बसलो. खिडकीकडे माझी पाठ होती.

पत्र्याची घंगाळं कुणी खडीवरून फरफटत न्यावीत, तसा आवाज झाला.

विमान गवतात पोटावर बसलं होतं. नाकावरच्या पंख्याची पाती केळ्याच्या सालीसारखी वळलेली. काकाला खरचटलंही नव्हतं, पण तो आतून उठेना.

"तू विचारलंस ना?" तो मला म्हणाला.

"विचारलं."

"मी सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग?"

आम्ही बारा जणांनी पंख धरून विमान उचललं. मी आत हात घालून चाकांचा दांडा दाबला. चाकं अगदी गुण्यागोविंदाने बाहेर आली, तीनही दिवे हिरवेगार. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

पंखा वाकला म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं. त्या वयाच्या विमानाला ते परवडत नाही. ते आता उडणार नाही, हे काकाला मी सांगायची गरज नव्हती.

माइक जागेवर ठेवला नव्हता, म्हणून मी वर गेलो. खुर्चीसमोरच्या खिडकीच्या चौकटीवर दोन ठिकाणी रंग उडाला होता, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. कोपरं टेकून टेकून. शेजारी तिची दुर्बीण. ती विचारायची खरी, पण त्याच्या उत्तरावर तिचा तीस वर्षांत एकदाही विश्वास बसला नव्हता. ती बघायची.

काकाला वर बोलावून मी ते दाखवलं. त्याने कोपरं त्या डागांवर ठेवून पाहिली. बसली नाहीत. तिचे हात आखूड होते.

आठवा तवा त्यानेच कोरला. कारण लिहिलं, "क्वेता नव्हती." पिंप उघडलं, पण कुणी चिडवायला धजावलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं.

पुढच्या शनिवारी मी माझं जुनं खटारं विमान घेऊन उतरायला आलो, तर रेडिओवर आवाज आला.

"लिबोर, चाकं?"

"काका, माझी चाकं कायमची बाहेर असतात. दुमडतच नाहीत!"

"विचारलं ते सांग."

माझ्याकडे दिवेच नाहीत. "तीन हिरवे," मी म्हणालो.

रेडिओत खुर्ची करकरली. खिडकीत दुर्बिणीची काच चमकली. मी उतरलो नाही. त्याला नीट बघता यावं म्हणून उगाच आणखी एक फेरी मारली.

"दिसली," काका शेवटी म्हणाला. "ये."